जोडी नको, चौकडी द्या!

फिशटँकच्या दुकानात कधी गेला आहात का? काचेच्या वीस-पंचवीस टाक्या, एअर पंपांची घरघर आणि हातात छोटी जाळी घेऊन उभे असलेले दुकानदार काका. आपण गप्पींच्या टाकीकडे बोट दाखवलं की काकांचा ठरलेला प्रश्न येतो, "किती जोड्या देऊ?" आणि आपणही फारसा विचार न करता सांगून टाकतो, "द्या दोन जोड्या." दोन नर, दोन माद्या. कबुतरांपासून बैलांपर्यंत आपल्याकडे सगळं जोडीनेच शोभतं, मग मासे का नाही?

मित्रांनो, गोची नेमकी इथेच आहे. दुकानात सगळे मासे जोडीने मिळतात, पण पाण्यात सगळे मासे जोडीने राहत नाहीत. काही राहतात, काही गटाने राहतात, काहींना एकटंच राहायचं असतं. आणि होस्टेलच्या रूममध्ये, स्टाफरूमच्या खिडकीत किंवा घरच्या टीव्हीशेजारी जो मासा सगळ्यात जास्त दिसतो तो गप्पी तर जोडी या प्रकाराला अजिबात जुमानत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः गप्पीबद्दल. (रेशो म्हटलं की आपल्या कॉलेजात लगेच मेकॅनिकलच्या वर्गाची आठवण निघते. तो विषय गॅदरिंगच्या फिशपाँडसाठी राखून ठेवू, इथे खऱ्या पाँडमधल्या फिशबद्दल बोलू.)

आधी नर कोण आणि मादी कोण ते बघू. गप्पीमध्ये हे फार सोपं आहे. नर लहान, साधारण तीन सेंटिमीटरचा, सडपातळ, आणि सगळा भपका त्याच्याकडे. शेपटी लांब, अंगावर केशरी, निळे, काळे ठिपके. मादी पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत वाढते, पोट भरलेलं, रंग बहुतेक राखाडी, फार तर शेपटीवर थोडी रंगाची झाक. पण रंगावर विसंबू नका, हल्ली रंगीत माद्याही मिळतात. पक्की खूण पोटाखाली असते. पोटाच्या मागच्या बाजूला जो पर असतो तो मादीत पंख्यासारखा पसरलेला असतो, तर नरात तोच पर निमुळता होऊन बारीक काडीसारखा मागे वळलेला दिसतो. हे नराचं समागमाचं अवयव. शिवाय मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला एक काळसर डाग असतो, पिल्लं होण्याचे दिवस जवळ आले की तो गडद आणि मोठा होत जातो. पिल्लं महिन्या-सव्वा महिन्याची झाली की हा फरक दिसायला लागतो. त्याआधी दुकानदारालाही सांगता येत नाही, त्यामुळे "काका म्हणाले दोन्ही माद्या आहेत" यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

आता मुख्य मुद्दा. गप्पीचा नर दिवसभर काय करतो? खातो आणि मादीच्या मागे लागतो. बस्स! घर बांधायचं नाही, अंडी राखायची नाहीत, पिल्लं सांभाळायची नाहीत. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लं देते आणि त्या कामात नराचा वाटा पहिल्या काही सेकंदांपुरताच. मग उरलेला सगळा वेळ तो दोन पद्धतींनी घालवतो. पहिली पद्धत सभ्य आहे. मादीच्या समोर येऊन शरीराला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक द्यायचा, पर पसरायचे आणि थरथरत नाच करायचा. मादीला पसंत पडलं तर ठीक, नाही पडलं तर ती निघून जाते. दुसरी पद्धत मात्र चोरटी. नाचबिच काही नाही, मागून गुपचूप यायचं आणि जबरदस्तीचा प्रयत्न करायचा. मादीची स्वतःची तयारी असते ती तरुणपणी पहिल्यांदा आणि नंतर प्रत्येक वेळी पिल्लं झाल्यावर थोडे दिवस. बाकी जवळजवळ सगळा महिना तिला नर नको असतो. पण नराला त्याचं काही देणंघेणं नसतं.

हे किती वेळा घडत असेल? ॲन मॅगुरन आणि बेन सेगर्स या संशोधकांनी त्रिनिदादच्या ओढ्यांमधल्या गप्पींवर काम करून १९९४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद हा गप्पीचा मूळ मुलूख. त्यांच्या निरीक्षणात मादीच्या वाट्याला सरासरी मिनिटाला एक असा चोरटा प्रयत्न येत होता. मिनिटाला एक! मादीचा खाण्याचा वेळ त्यापायी कमी होतो, कारण दर वेळी खाणं सोडून तिला बाजूला पळावं लागतं. पुढे २००८ साली सफी डार्डन आणि डॅरेन क्रॉफ्ट यांनी याहूनही विलक्षण गोष्ट दाखवली. नरांचा त्रास चुकवण्यासाठी माद्या ओढ्याच्या अशा भागात जातात जिथे त्यांना खाणारे मोठे मासे असतात. नर रंगीत असल्यामुळे शिकाऱ्याच्या नजरेत चटकन भरतो, म्हणून तो तिथे जायला घाबरतो. थोडक्यात, नरांपेक्षा वाघाची गुहा परवडली असा मादीचा हिशोब!

ओढ्यात निदान ती सोय आहे. शिवाय तिथे रंगीत नर जास्त संख्येने खाल्ले जातात, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी माद्यांची संख्या नरांपेक्षा जास्तच असते. जॉन एंडलर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर शिकारी मासे सोडलेल्या पाण्यातले नर काही पिढ्यांतच फिके झाले आणि शिकारी नसलेल्या पाण्यात ठिपके वाढत गेले. आपल्या टाकीत मात्र ना शिकारी, ना खोल पाणी, ना पळून जायला दुसरा डोह. दोन फूट काच इकडे, एक फूट काच तिकडे. मादी पळणार कुठे?

तेव्हा टाकीतला रेशो म्हणजे खरं तर लोड शेअरिंगचा प्रश्न आहे. एक साधा हिशोब करू. समजा एक नर तासाला 'क्ष' वेळा मागे लागतो. टाकीत एक नर आणि तीन माद्या असतील तर प्रत्येक मादीवर लोड पडला क्ष भागिले तीन. आता हेच चार मासे उलटे घ्या, तीन नर आणि एक मादी. त्या एकटीवर लोड पडला तीन क्ष. मासे चारच, टाकी तीच, पाणी तेच, पण मादीवरचा लोड नऊपट! प्रत्यक्षात गणित इतकं सरळ रेषेत जात नाही, नर एकमेकांच्या मागेही धावतात, पण अंदाज यायला एवढं पुरे. आणि काकांची 'जोडी' कुठे बसते? एकास एक, म्हणजे लोड क्ष. चौकडीच्या तिप्पट. शिवाय एकच मादी असेल तर त्या नराला दुसरीकडे वळायला कोणी नसतंच, सगळा ताप एकटीला.

याचा परिणाम दिसतो कसा, ते आमच्या विंगमधल्या एका टाकीवरून सांगतो. छोटीशी टाकी, पाच झकास रंगीत नर आणि दोन माद्या. "माद्यांना रंगच नसतो रे, कशाला जास्त घ्यायच्या!" हे मालकाचं लॉजिक. आठवडाभर सगळी विंग कौतुकाने बघून गेली. मग एक मादी फिल्टरच्या मागे जाऊन बसायला लागली. दाणे टाकले तरी बाहेर येईना. पर अंगाला चिकटलेले, शेपटीची कड फाटलेली. कोणी म्हणालं पाणी बदला, कोणी म्हणालं औषध टाका. निळं औषध आलं, पिवळं औषध आलं, टाकीचं पार सरबत झालं. मादी गेली. मग पाचही नर उरलेल्या एकीच्या मागे, आणि दहा दिवसांत तीही गेली. पाणी तपासलं होतं, रोगाची काही खूण नव्हती. ती उपाशी आणि थकून मेली होती, एवढंच. अशा मरणाचा दोष नेहमी पाण्याला, दुकानदाराला किंवा रूममेटने टाकलेल्या पावाच्या तुकड्याला जातो. पाचास दोन या आकड्याकडे कोणी बघत नाही.

तुमच्या टाकीत मादी कोपरा धरून बसली असेल तर लगेच घाबरू नका, पिल्लं व्हायच्या आधी एक-दोन दिवस पोटुशी मादी तशीही आडोसा शोधते. पण पोट फुगलेलं नाही, तरी ती रोज लपते, खायला येत नाही आणि बाहेर पडली की नर रांगेने मागे लागतात, असं दिसलं तर उपाय पाण्याच्या बाटलीत नाही, रेशोमध्ये आहे. नर कमी करा किंवा माद्या वाढवा. दरम्यान हायड्रिला किंवा कुठलीही दाट पाणवनस्पती भरपूर टाका. नराला मादी दिसलीच नाही तर तो मागे लागत नाही, इतका साधा तो प्राणी आहे. मादी फारच थकलेली असेल तर तिला आठवडा-पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात सुट्टी द्या. इथे बहुतेक जण उलट करतात, मादीला बाहेर काढून नरांना तिथेच ठेवतात आणि उरलेल्या माद्यांवरचा लोड आणखी वाढवतात. दुसरं भांडं एकच असेल तर मी म्हणेन, नरांनाच बाहेर काढा.

एकास तीन हा रेशो जास्त पिल्लं मिळावीत म्हणून आहे, असं पुष्कळ लोक समजतात. तसं अजिबात नाही. पिल्लं तर एकास एकमध्येही होतात आणि नको तितकी होतात. हा रेशो मादीला श्वास घेता यावा म्हणून आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीचं आकारमान साधारण ५४ ते ५६ लिटर. खाली वाळू आणि वर मोकळी जागा सोडली की पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. त्यात दोन नर आणि सहा माद्या आरामात राहतात. छोट्या टाकीत एक नर, तीन माद्या. शोभेच्या गोल बाऊलमध्ये यातलं काहीच नको, तो बाऊल पेनस्टँड म्हणून छान आहे.

आता पिल्लांचं गणित. गप्पीला दर चार आठवड्यांनी साधारण वीस ते पन्नास पिल्लं होतात. तीन माद्या, प्रत्येकी तीस धरली, तर पहिल्याच महिन्यात नव्वद! त्यातल्या अर्ध्या माद्या, आणि त्या तीनएक महिन्यांत वयात येतात. म्हणजे एका सेमिस्टरच्या आत तुमची टाकी दादरचं सहा वाजताचं स्टेशन होणार. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर हा पॉझिटिव्ह फीडबॅक. निगेटिव्ह फीडबॅक निसर्गाने दिला आहे, तो जरा क्रूर आहे: आई-बापच पिल्लं खातात. दाट वनस्पती असेल तर थोडी वाचतात, नसेल तर बहुतेक सगळी संपतात. ज्याला पिल्लं नको आहेत त्याने वनस्पती काढून टाकायची म्हटलं, तर मादीचा आडोसा जातो. हा पेच खरा आहे आणि त्याला एकच स्वच्छ उत्तर आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी एक गंमत. पिल्लांत नर-मादी अर्धेअर्धे का? आपल्यासारखीच गप्पीतही एक्स-वाय पद्धत असते. वाय गुणसूत्र आलं की नर. डेन्मार्कचे ऑयविन विंग यांनी १९२२ साली याच माशावर दाखवून दिलं की नराच्या रंगाची काही लक्षणं वाय गुणसूत्रावरून बापाकडून थेट मुलाकडे जातात. तेव्हा एखाद्या नराचे ठिपके आवडले तर ते त्याच्या मुलांमध्ये शोधा. पण अर्धेअर्धे ही सरासरी झाली. मॅथ्स-थ्री विसरला नसाल तर करून बघा: ओळखू न येणारी चार पिल्लं कोणी तुम्हाला दिली, तर नेमका एक नर आणि तीन माद्या निघण्याची शक्यता सोळात चार. उलटं, म्हणजे तीन नर आणि एक मादी, याचीही तितकीच. फुकटची पिल्लं उचलून आणण्याआधी हे लक्षात असू द्या.

आता ते स्वच्छ उत्तर. होस्टेलवाल्यांसाठी सगळ्यात उत्तम रेशो म्हणजे सहास शून्य. नुसते नर! रंग सगळे नरांकडेच, पिल्लं नाहीत, त्रास द्यायला मादी नाही. पाच-सहा नर एकत्र ठेवले की ते एकमेकांसमोर पर पसरून मिरवतात, थोडं ढकलाढकली करतात, पण सहसा जिवावर येत नाही. फक्त दोनच नर ठेवू नका, त्यात एक दादा होतो आणि दुसऱ्याचं रॅगिंग होतं. मग कोणी विचारेल, नुसत्या माद्या ठेवल्या तर? चालेल, पण पिल्लं होणार नाहीत असं समजू नका. गप्पीची मादी नराचे शुक्राणू पोटात कित्येक महिने साठवून ठेवते आणि एकाच भेटीच्या जोरावर पुन्हा पुन्हा पिल्लं देते. दुकानातल्या टाकीत ती नरांसोबतच असते, म्हणजे ती येतानाच बेगमी करून आलेली असते. "नर नसताना पिल्लं झाली, चमत्कार!" असं दर वर्षी कोणीतरी सांगतंच.

मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल ही गप्पीचीच भावकी, त्यांनाही एकास दोन-तीन हाच हिशोब. फक्त स्वोर्डटेलचे नर आपापसांत जोरात भांडतात, तिथे लहान टाकीत एकच नर ठेवावा. या माशात काही नर उशिरा वयात येतात, तोवर मादीसारखेच दिसतात. त्यामुळे "माझ्या मादीला तलवार फुटली" असं कोणी म्हणालं तर बहुधा ती मादी नव्हतीच.

फायटरचा रेशो मात्र एकास शून्य. नराला एकटं ठेवा, मादी सोबत ठेवली तर तो तिचे पर फाडतो. पिल्लं घ्यायची असतील तर मादी तेवढ्यापुरती आणायची. अंडी झाली की तो बुडबुड्यांच्या घरट्याची राखण करतो आणि तिला हाकलतो, तेव्हा तिला लगेच काढावं लागतं. काकांची जोडी खरी शोभते ती एंजलमध्ये. पण गंमत म्हणजे एंजलचा नर-मादी फरक अंडी घालेपर्यंत कळतच नाही, त्यामुळे दुकानातली 'जोडी' हा निव्वळ अंदाज. जाणकार लोक सहा पिल्लं आणतात, वाढू देतात, त्यातले दोघे आपसूक जोडी जमवून कोपरा अडवतात, मग बाकीच्यांची सोय दुसरीकडे करतात. टेट्रा आणि झेब्रा यांच्या बाबतीत नर-मादी मोजत बसू नका, सहाच्या वर संख्या ठेवा, झालं. गोल्डफिशमध्येही लहानपणी काही ओळखता येत नाही. तिथे वास्तुवाले आठ सोनेरी आणि एक काळा असा रेशो सांगतात, पण त्या नऊ जणांना टाकी केवढी लागेल ते सांगत नाहीत. आणि 'फाइंडिंग निमो'वाला क्लाउनफिश तर सगळ्यांवर कडी. गटातली मोठी मादी मेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. २००३ सालच्या त्या सिनेमात निमोची आई सुरुवातीलाच जाते, म्हणजे विज्ञानाप्रमाणे निमोच्या बाबांनी पुढे काय व्हायला हवं होतं ते तुम्हीच ठरवा!

'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही ओळ गावोगावच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आपण वाचलेली आहे. (नावाचा गप्पांशी संबंध नाही बरं का! रॉबर्ट गप्पी या त्रिनिदादच्या गृहस्थांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले, त्यांच्या नावावरून १८६६ साली नाव पडलं.) डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं हा मासा साठलेल्या पाण्यात सोडतं. त्यामुळे सुट्टी लागली आणि टाकीत शंभर पिल्लं झाली की पुष्कळांना वाटतं, मागच्या ओढ्यात नाहीतर तळ्यात सोडून देऊ, पुण्यच लागेल. कृपया सोडू नका. एक पोटुशी मादी पुरते, तिच्याकडे महिनोन्‌महिन्यांची बेगमी असते हे वर आलंच. मग ते परके मासे तिथल्या आपल्या छोट्या माशांचं खाणं आणि पिल्लं दोन्ही खातात. बंद हौद कुठला आणि वाहता ओढा कुठला हे बघून कुठे सोडायचं ते आरोग्य खात्याला ठरवू द्या. त्यांच्याकडे, दुकानदाराकडे किंवा एखाद्या शाळेच्या टाकीसाठी विचारा, कोणी ना कोणी घेतंच.

राहता राहिला काकांचा प्रश्न. "एक नर आणि तीन माद्या द्या" म्हटलं की काका कपाळाला आठ्या घालतात. नर रंगाच्या जोरावर खपतो, मादी त्याच्यासोबत जोडीत जाते, त्यामुळे नुसत्या माद्या द्यायला बरेच दुकानदार नाखूश असतात. यावर तोडगा असा: शेजारच्या रूमला सामील करून घ्या आणि मिळून सहा जोड्या आणा. सहा नर, सहा माद्या. एका टाकीत दोन नर आणि सहाही माद्या, दुसऱ्या टाकीत उरलेले चार नर. दोन्ही टाक्यांचा रेशो जमला आणि काकाही खूश. रंगीत टाकी कोणाच्या रूममध्ये ठेवायची आणि पिल्लांची कोणाच्या, यावरून जे भांडण होईल ते तुमचं तुम्ही मिटवा.